व्हिडिओ-संपादन आणि अनेक कोअरचा प्रोसेसर

प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे गणन करणारा घटक म्हणजे कोअर होय. कोअरची संख्या दुप्पट केल्यास व्हिडिओ-संपादनाचा वेगही दुप्पट होतो, हा समज सर्वांशी खरा नाही. प्रतिसेकंद २५ फ्रेम या मानाने दहा मिनिटांच्या चित्रणात १५,००० फ्रेम असतात. त्यांची रंगदुरुस्ती हे परस्परनिरपेक्ष काम असल्याने ते अनेक कोअरमध्ये सहज वाटून देता येते. तथापि २००३ साली प्रसृत झालेल्या एच.२६४ या संकेतन-पद्धतीत बहुतेक फ्रेम पूर्णत्वाने साठविल्या जात नाहीत. अन्य फ्रेमशी असलेला फरक तेवढा नोंदला जातो. आधारभूत फ्रेमचा संबंधित भाग उलगडल्यावाचून त्यावर अवलंबून असलेली फ्रेम उलगडत नाही, आणि कोअरना एकमेकांसाठी खोळंबावे लागते. प्रत्येक फ्रेम स्वयंपूर्ण साठविणाऱ्या पद्धतीत ही अडचण उद्भवत नाही.

या मर्यादेचे गणित जीन अ‍ॅमडाल यांच्या १९६७ मधील विवेचनातून निघते. एका कोअरवर लागणाऱ्या काळापैकी ९० टक्के काळ विभाज्य कामाचा असल्यास ८ कोअरनी वेग सुमारे ४.७ पट होतो. कोअर कितीही वाढविले तरी तो १० पटींपलीकडे जात नाही. यास्तव संगणक निवडताना कोअर मोजण्यापूर्वी कामाचा अविभाज्य अंश किती, हे पाहणे श्रेयस्कर ठरते.