गढूळ पाण्याच्या बाजूने

नॉर्वेतल्या मत्स्यशेतीवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मला सामनच आठवला. पण सामनचं पिल्लू बलकाची भरलेली पिशवी घेऊन जन्मतं आणि ती संपली की थेट कोरडं खाद्य खातं. खरी कसोटी कॉडची. ज्याच्या यकृताच्या तेलाच्या गोळ्या आपण लहानपणी तोंड वाकडं करून गिळल्या, त्या माशाचं पिल्लू जेमतेम ४ मिलिमीटरचं. जठर नाही, खायला रोटिफरसारखे सूक्ष्म जिवंत प्राणीच हवेत. शिवाय ते समुद्राचं पाणी पीत राहतं, म्हणजे पाण्यातले जिवाणू थेट पोटात.

मग मारून टाका जिवाणू! ओझोन आणि अतिनील किरण ते काम चोख करतात. फसगत नंतर होते. टाकीत विष्ठा, मेलेले रोटिफर साचतात. खायला भरपूर आणि वाटेकरी कोणी नाही. अशा वेळी झपाट्याने वाढणारे संधिसाधू जिवाणू आधी जागा बळकावतात, आणि पिल्लांना भोवतात ते बहुधा हेच. ट्रॉन्हाइमचे संशोधक ओलाव्ह वाडस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये उलटा विचार मांडला: पाणी आधी जैवगाळणीतून मुरवा, सावकाश वाढणाऱ्या जिवाणूंना त्यात बस्तान बसवू द्या, मग ते पिल्लांना द्या.

त्या पाण्यात आणखी काय घालायचं, हा प्रश्न मला सर्वांत रंजक वाटला. हॅचरीवाले सूक्ष्म शैवाल घालून पाणी हिरवं करतात. त्याने भक्ष्य उठून दिसतं, रोटिफरांचंही पोट भरतं. पण त्यासाठी बाटलीतला शैवालाचा लगदा वापरला, तर त्यातल्या मेलेल्या पेशी कुजतात आणि जिवाणूंची मेजवानी होते. कारी आत्रामादाल यांच्या गटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्याऐवजी चक्क मातकामाची चिकणमाती वापरली. पाणी तितकंच गढूळ, पण जिवाणूंना त्यात खायला काही नाही. उलट मातीचे कण सेंद्रिय कचऱ्याला आणि जिवाणूंना चिकटून त्यांना तळाशी नेतात. इतका स्वस्त उपाय पाहून मी खूश झालो.

खुशी फार टिकली नाही. मातीने रोटिफरांचं पोट भरत नाही. टाकीत रेंगाळलेले रोटिफर उपाशी राहिले की पिल्लाच्या तोंडी निकस घास जातो. तळाचा गाळ वेळच्या वेळी उपसला नाही तर कचरा फक्त वरून खाली गेला, एवढंच. त्यात एकाच पाण्याच्या दोन शेजारच्या टाक्यांपैकी एक तरते, दुसरी मरते, हे दुखणं आहेच. आणि हे सगळं जमवलं तरी बाजार थांबत नाही. २०१३ मध्ये नॉर्वेलगतच्या बॅरेंट्स समुद्रातल्या कॉडच्या मासेमारीचा कोटा १० लाख टनांवर गेला. समुद्रातून इतका मासा येत असताना टाकीतल्या पिल्लांचा खर्च कोण सोसणार? नॉर्वेतली कॉडशेती त्या काळात जवळजवळ बंद पडली. आता काही कंपन्यांनी पुन्हा टाक्या भरल्या आहेत.