भरपाई वाढली, हजेरीचं काय?

कामावर मजूर जखमी झाला, तर मालकाची चूक सिद्ध न करताही त्याला भरपाई मिळावी, हे तत्त्व ब्रिटिश हिंदुस्थानात 1923 च्या कायद्याने आणलं. रायगड जिल्ह्यातल्या आगरदांडा बंदराला मात्र त्याचा उपयोग नव्हता. राजपुरी खाडीचे दोन्ही काठ जंजिऱ्याच्या नवाबाचे, आणि संस्थान विलीन झालं ते 1948 मध्ये. गंमत अशी, की कायदा झाला त्या वेळी केंद्रीय कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी असलेले नारायण मल्हार जोशी याच जिल्ह्यातल्या गोरेगावचे. 1923 च्या कायद्यात मृत्यूची भरपाई 30 महिन्यांची मजुरी होती, तीही फार तर 2,500 रुपये. आज हिशोब वेगळा आहे: महिना 15,000 रुपये मिळवणारा 30 वर्षांचा मजूर दगावला, तर निम्मा पगार गुणिले 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, शिवाय निम्म्यापर्यंत दंड. तेव्हा कायदा कंजूष आहे ही तक्रार आता फारशी टिकत नाही. घोडं अडतं ते हा मजूर नेमका कोणाचा, या प्रश्नावर.

बंदरात माल चढवणारा-उतरवणारा मजूर कायद्याच्या अनुसूचीत आहे. ठेकेदाराने हात वर केले, तरी ज्याच्या धंद्यासाठी काम चाललं होतं त्या मुख्य मालकाकडे दावा करता येतो. त्याने पुढे ठेकेदाराकडून वसूल करावं. पण मजुरी रोख आणि हजेरी मुकादमाच्या वहीत असेल, तर ती वही अपघातानंतर सापडेलच असं नाही. मच्छीमार बोटीवर गुंता आणखी वाढतो. खलाशी वाट्यावर जातो, म्हणून मालक त्याला भागीदार म्हणू शकतो. मग भरपाई कसली?

छोटा मालक भरपाईच्या असल्या रकमेने बुडेल, असं म्हणतात. बुडेल खरा, विमा नसेल तर; हप्ता हा डिझेलसारखाच धंद्याचा खर्च धरायला हवा. मजूर दारू पिऊन कामावर आला तर काय, हाही आक्षेप रास्त आहे. कायद्यानेही तिथे मालकाला सूट दिली, फक्त मृत्यू आणि कायमचं पूर्ण अपंगत्व वगळून. ते योग्यच झालं, कारण त्या दारूची शिक्षा घरच्यांनी का भोगावी?

21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आणि घर ते काम या वाटेवरचा, कामाशी संबंध जोडता येणारा अपघातही आत आला. मजूर कोणाचा हे दाखवणारं नेमणूकपत्रही सोबतच्या दुसऱ्या संहितेने सक्तीचं केलं, पण सर्वसाधारणपणे 10 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. सहा-सात खलाशांची बोट त्यातून सुटते.