सहा रेषांचा मासा आणि घरांतील समुद्र

काचेच्या पेटींत मासे पाळण्याची हौस पुष्कळांस असते. परंतु गोड्या पाण्यांतील मासे पाळणें निराळें आणि समुद्रांतील मासे पाळणें निराळें. हा भेद विद्यार्थिमित्रांच्या ध्यानांत यावा म्हणून एका लहानशा समुद्री माशाची माहिती येथें देत आहें.

या माशाचें इंग्रजी नांव ‘सिक्स-लाइन रॅस’. डच शास्त्रज्ञ पीटर ब्लेकर यानें इ. स. १८५७ मध्यें त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. तांबड्या समुद्रापासून पॅसिफिक महासागरांतील बेटांपर्यंत, पोंवळ्यांच्या फांद्यांच्या आडोशानें तो राहतो. लांबी फार तर १० सेंटिमीटर. अंग जांभळें, त्यावर नारिंगी रंगाच्या सहा आडव्या रेषा, आणि शेपटी हिरवट. दिवसभर तो खडकांच्या फटींतून बारीक जीव टिपीत हिंडतो. रात्रीं स्वतःभोंवतीं चिकट स्रावाचा पातळ कोश करून त्यांत निजतो.

असा जीव घरीं ठेवावयाचा, तर आधीं समुद्र सिद्ध केला पाहिजे, मासा मागाहून. पेटी निदान १०० लिटरांची असावी. पाण्यास स्वयंपाकाचें मीठ चालत नाहीं. कारण समुद्राच्या पाण्यांत त्याखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादींचेही क्षार असतात. याकरितां मुद्दाम तयार केलेलें मिश्रण लिटरास सुमारें ३५ ग्रॅम या प्रमाणांत विरघळवितात, व उष्णमान सुमारें २५ अंश सेंटिग्रेड राखतात. पाण्याची वाफ होते तेव्हां मीठ मागेंच राहतें. म्हणून तूट भरून काढावयाची ती शुद्ध गोड्या पाण्यानें.

आतां पाणी आरशासारखें स्वच्छ दिसूं लागतें, आणि येथेंच उतावळा मनुष्य फसतो. माशाच्या उत्सर्गापासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया हें विष उत्पन्न होतें. तें डोळ्यांस दिसत नाहीं. कांहीं सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करितात, दुसरे जंतु त्या विषारी नायट्राइटाचें पुष्कळच कमी घातक असें नायट्रेट करितात. हे जंतु वाळूंत व सच्छिद्र दगडांत वाढावयास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर पेटींत मासा न ठेवतां, जंतूंच्या पोषणार्थ थोडा अमोनिया बेतानें घालावा. अमोनिया व नायट्राइट हीं दोन्ही परीक्षेंत शून्य आढळल्यावर मगच मासा आणावा. पुढें नायट्रेट सांचतें. तें कमी करण्यासाठीं थोडें थोडें पाणी नियमानें बदलावें.

आकारानें लहान असला तरी हा मासा स्वभावानें भांडखोर आहे. एकदां जागा आपली मानली, कीं मागून आलेल्या गरीब माशास तो सुखानें राहूं देत नाहीं. म्हणून इतर मासे आधीं सोडून यास सर्वांच्या शेवटीं सोडावें. लपावयास दगडांच्या कपारी असाव्यात. भ्याला म्हणजे तो उडी मारतो. यास्तव पेटीवर बारीक जाळी अवश्य हवी. अन्न थोडें थोडें, परंतु नित्य द्यावें.

पेठेंत मिळणारे हे मासे बहुधा समुद्रांतूनच धरून आणलेले असतात. तो जीव आपल्या इच्छेनें आपल्या घरीं येत नाहीं. आल्यावर त्याचें पाणी, अन्न व निवारा हीं सर्व आपल्याच हातीं असतात. ज्यास दीड महिना रिकाम्या पेटीची निगा राखण्याचा धीर आहे, त्यानेंच हा छंद आरंभावा. ज्यास तो नाहीं, त्यानें या माशास समुद्रांतच सुखानें राहूं द्यावें.