‘डिव्हाइन नाइन’ म्हणजे कॉलेजातली टोळकी नव्हेत

अमेरिकेतली फ्रॅटर्निटी म्हटली की आपल्याकडच्या वाचकासमोर हॉलिवूडने रंगवलेले चित्र उभे राहते: विद्यापीठाजवळचे ऐसपैस घर, बिअरची पिंपे, रात्रभराचा धिंगाणा आणि नव्या पोरांचा छळ. मुलींच्या संघटना, म्हणजे सोरोरिटी, या त्याच चित्राची जरा नटवी आवृत्ती. ग्रीक अक्षरांची नावे, ठरलेले रंग, हाताच्या खुणा आणि टाळ्या-पावलांच्या ठेक्यावरचे ‘स्टेपिंग’ हे सारे कृष्णवर्णीयांच्या नऊ संघटनांतही असल्याने त्यांनाही तोच शिक्का बसतो. ‘डिव्हाइन नाइन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संघटनांची सामाजिक कामे कानावर आलीच, तर ती पोरांनी हौसेने केलेली रविवारची समाजसेवा असावी असे समजून आपण पुढे जातो. या समजुतीत मूळ चूक एकच आहे आणि बाकीचे गैरसमज तिच्यातून निघतात. ती चूक म्हणजे या संघटना विद्यार्थ्यांच्या आहेत असे मानणे. त्यांचा जन्म विद्यार्थ्यांत झाला हे खरे, पण त्यांचा कारभार आणि काम मुख्यतः नोकरी-व्यवसाय करणाऱ्या प्रौढ माणसांच्या हातात आहे.

जन्माची परिस्थितीही पाहायला हवी. अल्फा फाय अल्फा ही यांतली सर्वांत जुनी संघटना 1906 साली कॉर्नेल विद्यापीठात सात विद्यार्थ्यांनी काढली. त्याच्या आदल्या वर्षी तिथले सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी सुट्टीनंतर परतलेच नव्हते. अभ्यासाला सोबत नाही, राहायला जागा मिळायची मारामार, गोऱ्यांच्या संघटनांची दारे बंद. अशा ठिकाणी एकमेकांना धरून राहणे ही चैन नव्हती. 1908 मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कप्पा अल्फा ही मुलींची संघटना निघाली. पुढच्या बारा वर्षांत आणखी चार संघटना त्याच विद्यापीठात जन्मल्या. 1913 च्या जानेवारीत स्थापन झालेल्या डेल्टा सिग्मा थीटाचे पहिले जाहीर काम म्हणजे 3 मार्चच्या वॉशिंग्टनमधील स्त्रियांच्या मताधिकार मोर्चात सहभाग, तेही गोऱ्या आयोजकांपैकी अनेकांना कृष्णवर्णीय स्त्रिया मोर्चात नकोशा असताना. सिग्मा गॅमा ऱ्हो तर 1922 साली इंडियानापोलिसमध्ये सात शिक्षिकांनी काढली.

कॉलेज संपले की सदस्यत्व संपत नाही. ज्या गावात नोकरी लागेल तिथल्या पदवीधर शाखेत नाव घालायचे, वर्गणी भरायची, समितीवर काम करायचे, अशी अपेक्षा असते. विद्यार्थिदशेत संधी हुकलेल्यांना पदवीनंतरही या शाखांतून प्रवेश मिळू शकतो. अल्फा कप्पा अल्फा आणि डेल्टा सिग्मा थीटा यांच्या शाखा प्रत्येकी हजारच्या घरात आहेत. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा म्हणजे वर्षातून एक जेवण आणि जुन्या प्राध्यापकांच्या नकला. पदवीधर शाखेत मात्र कोण शिक्षिका, कोण परिचारिका, कोण वकील, आणि सगळे त्याच गावचे रहिवासी. गावच्या शाळेत कुठल्या इयत्तेपासून मुले गळतात, दवाखान्याची बस कुठवर येते, हे त्यांना कुणी अहवालातून कळवावे लागत नाही.

या बांधणीचा उपयोग कसा होतो, ते मिसिसिपीत दिसले. 1935 च्या उन्हाळ्यात अल्फा कप्पा अल्फाने होम्स काउंटीत आरोग्यमोहीम काढली. कल्पनेचे मूळ कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या शिक्षिका आयडा जॅक्सन यांच्याकडे जाते. आदल्या वर्षी त्यांनी मिसिसिपीतल्या ग्रामीण शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग घेतले, तेव्हा मुलांची प्रकृती सुधारल्याशिवाय शिकवण्यात अर्थ नाही हे त्यांच्या ध्यानात आले. वैद्यकीय सूत्रे वॉशिंग्टनच्या डॉ. डोरोथी फेरबी यांच्याकडे होती. सदस्य डॉक्टर, परिचारिका आणि शिक्षिका आपल्याच मोटारींतून, आपलीच रजा खर्चून वर्णभेदाच्या दक्षिणेत उतरल्या. ठिकठिकाणी दवाखाने उघडायचे ठरले होते. पण कापसाच्या मळेवाल्यांना संशय आला की या शहरी बाया आपल्या वाटेकरी कुळांना फितवायला आल्या आहेत, आणि त्यांनी कुळांना मळा सोडून जाऊ देण्यास नकार दिला. मग दवाखान्यानेच मळ्यात जायचे ठरले. मोटारींत लशी, औषधे भरून पथक एका मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर जाऊ लागले. मुकादमांच्या नजरेसमोर झाडाखाली रांगा लागल्या, मुलांना घटसर्प आणि देवीच्या लशी टोचल्या गेल्या, दात तपासले गेले, आयांना आहाराबद्दल सांगितले गेले. ही मोहीम पुढे दर उन्हाळ्यात चालली आणि 1942 नंतर, महायुद्धातल्या पेट्रोल-टायरांच्या टंचाईच्या काळात थांबली. हौसेची समाजसेवा पहिल्याच मळ्याच्या फाटकाशी संपली असती.

‘ही सगळी दानधर्माची कामे, कपडे वाटा, फोटो काढा,’ हा आणखी एक समज. वाटप होते, फोटोही निघतात. त्यातली काही कामे उथळ असतात हे नाकारण्यात अर्थ नाही. पण टिकलेल्या योजनांची रचना पाहिली तर वेगळे दिसते. झीटा फाय बीटा ही संघटना मार्च ऑफ डाइम्स या संस्थेबरोबर 1972 पासून देशभर ‘स्टॉर्क्स नेस्ट’ चालवते. गरोदर बाई तपासणीला गेली की गुण, आहार किंवा बाळंतपणाच्या वर्गाला बसली की गुण. साठलेल्या गुणांवर बाळाचे कपडे, पाळणा, डायपर यांसारख्या वस्तू घ्यायच्या. वस्तू भीक म्हणून मिळत नाही, कमावलेली असते, आणि ती कमावताना तपासण्याही वेळच्या वेळी होतात. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांचा मातामृत्युदर गोऱ्या स्त्रियांच्या सुमारे तिप्पट आहे, हे लक्षात घेतले की या साध्या हिशेबामागचा विचार कळतो. सिग्मा गॅमा ऱ्होने 2012 मध्ये यूएसए स्विमिंगसोबत पोहणे शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. सोरोरिटीने पोहणे शिकवावे हे पहिल्यांदा ऐकताना गमतीचे वाटते. मात्र मिसिसिपीच्या जॅक्सन शहराने 1960 च्या दशकात काळ्या-गोऱ्यांना एकत्र पोहू देण्याऐवजी सार्वजनिक तलावच बंद केले आणि 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवले. आजीला तलाव बंद, म्हणून आईला पोहता येत नाही, म्हणून मुलाला पाण्याजवळ सोडायची भीती. तलावात बुडून मरणाऱ्या मुलांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण आजही जास्त आहे त्यामागे हा इतिहास आहे.

‘काळ्यांसाठीच वेगळ्या संघटना, हा उलटा वर्णभेद नव्हे का?’ हा प्रश्न हमखास येतो. गोऱ्यांच्या कित्येक फ्रॅटर्निटींच्या घटनेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वंशाची अट लिहिलेली होती. अल्फा फाय अल्फाने आपल्या घटनेतला ‘निग्रो’ शब्द काढण्याची प्रक्रिया 1940 मध्येच सुरू केली होती. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी राहिलेल्या, गोऱ्या एलिनॉर रूझवेल्ट या अल्फा कप्पा अल्फाच्या मानद सदस्य होत्या. सदस्य प्रामुख्याने कृष्णवर्णीय आहेत ते इतिहासामुळे. दारावर तशी पाटी नाही.

याहून वजनदार आक्षेप उच्चभ्रूपणाचा आहे आणि तो आतूनच आला. समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझर यांचे ‘ब्लॅक बुर्झ्वाझी’ 1957 मध्ये इंग्रजीत आले. कृष्णवर्णीय मध्यमवर्ग आपल्या नाचसमारंभांत आणि प्रतिष्ठेच्या दिखाव्यात रमून सामान्यांपासून तुटला आहे, अशी त्यांची टीका होती आणि या संघटना तिच्या माऱ्यात होत्या. स्पाइक ली यांच्या 1988 च्या ‘स्कूल डेझ’ चित्रपटाने त्वचेच्या छटेवरून होणारी उतरंडही पडद्यावर आणली. शुल्क, गुणांची अट, शिफारस, निवड हे सगळे आजही आहे, त्यामुळे टीका निराधार म्हणता येत नाही. फक्त फ्रेझर यांच्या मांडणीत एक गोष्ट निसटते असे मला वाटते. वर्णभेदाच्या दक्षिणेत शिकलेल्या कृष्णवर्णीय बाईला मुख्यतः शिक्षिकेचीच नोकरी मिळे, आणि ती टिकवणे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हातात असे. अशा बाईने एकटीने काही करायचे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे. शेकडो जणींच्या संघटनेचे नाव पाठीशी असले की मोहीम काढता येई. ज्या बंदिस्तपणावर आपण बोट ठेवतो, त्यातूनच मिसिसिपीला जाणारी माणसे मिळाली.

छळाबद्दल मात्र बचाव करू नये. प्रवेशासाठी मारहाण, त्यात दुखापती आणि मृत्यूही, हे या संघटनांतही घडले आहे. 1990 मध्ये त्यांनी एकत्र येऊन नवख्यांना उमेदवारीत ठेवण्याची जुनी ‘प्लेजिंग’ पद्धत अधिकृतपणे बंद केली. प्रकार थांबण्याऐवजी बऱ्याच ठिकाणी चोरून होऊ लागला. इथे पदवीधरांचा शहाणपणा कमी पडला आहे, कारण ‘आम्ही सोसले’ हा अभिमान पुष्कळदा पदवीधरच जपतात.

मलमपट्टीचा आक्षेप उरतो: सरकारने करायचे ते या संघटना करत बसल्याने मूळ अन्याय तसाच राहतो. याला अल्फा फाय अल्फाने लढवलेला एक खटला हे उत्तर आहे. 1942 मध्ये एल्मर हेंडरसन या सरकारी कर्मचाऱ्याला सदर्न रेल्वेच्या भोजनयानात जेवण मिळाले नाही. स्वयंपाकघरालगतची दोन टेबले पडदा लावून कृष्णवर्णीयांसाठी ठेवायचा नियम होता, आणि त्यांवरही गोरे प्रवासी बसले होते. संघटनेने खटल्याला बळ दिले, तिचे अध्यक्ष बेलफर्ड लॉसन यांनी सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद केला, आणि 1950 मध्ये रेल्वेचा तो नियम बेकायदा ठरला. तोवर हेंडरसन वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन कौन्सिल ऑन ह्युमन राइट्स या संस्थेचे संचालक झाले होते. नागरी हक्कांसाठी खासदारांचे उंबरे झिजवायला अशा अनेक संघटनांनी मिळून 1948 मध्ये काढलेली ती संस्था होती. लस टोचणे आणि कायदा बदलायला लावणे ही कामे एकाच वर्गणीतून चालत होती.

त्यावरून ‘म्हणजे या डेमोक्रॅटिक पक्षाच्याच शाखा’ असा निष्कर्ष काढणारेही आहेत. औपचारिकदृष्ट्या तो चुकीचा आहे: मतदारनोंदणी करायची, मतदानाला न्यायचे, पण उमेदवाराला पाठिंबा द्यायचा नाही, ही त्यांची जुनी रीत. 2020 मध्ये स्टेपिंगच्याच घराण्यातल्या ‘स्ट्रोल’च्या चालीवर रांगेने नाचत मतदान केंद्रांकडे जाणाऱ्या सदस्यांच्या चित्रफिती गाजल्या, त्यातही उमेदवाराचे नाव नव्हते. 2024 मध्ये कमला हॅरिस अध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या. त्या हॉवर्डच्या पदवीधर आणि अल्फा कप्पा अल्फाच्या सदस्य. नऊ संघटनांनी मिळून मतदार जागृतीची मोहीम जाहीर केली, पाठिंबा कुणालाच नाही. पण त्याच वर्षी अल्फा कप्पा अल्फाने स्वतंत्र राजकीय निधी समिती स्थापन केली. कायद्याने ती वेगळी आहे. तरी गर्भवतीला तपासणीला आणणारी शेजारीण आणि उमेदवारांना निधी देणारी समिती यांची नाळ एकाच संघटनेशी जोडलेली दिसू लागली, तर ‘सर्वांसाठी’ या दाव्यावर विरोधी पक्षाचा मतदार विश्वास ठेवील का, हा प्रश्न रास्त आहे, आणि रीत जुनी आहे एवढे सांगून तो सुटणार नाही.