पायथन सुकाणू समिती

पायथन सुकाणू समिती ही पायथन या मुक्त स्रोत संगणकीय भाषेच्या विकासाविषयी अंतिम निर्णय घेणारी पाच सदस्यांची निर्वाचित समिती आहे. संस्थापकाच्या एकहाती नेतृत्वाकडून लोकनियुक्त कारभाराकडे झालेल्या संक्रमणाचे उदाहरण म्हणून तिच्याकडे पाहिले जाते.

पार्श्वभूमी

नेदरलँड्समधील संगणकतज्ज्ञ गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये पायथन भाषा प्रसिद्ध केली. पुढे अनेक वर्षे तिच्यासंबंधीचा शेवटचा शब्द त्यांचाच असे. यावरून त्यांना गमतीने ‘तहहयात हितैषी हुकूमशहा’ ही उपाधी मिळाली. भाषेतील बदल ‘पेप’ नावाच्या लेखी प्रस्तावांद्वारे सुचवले जात. २०१८ मध्ये ‘पेप ५७२’ या प्रस्तावावरून कडवा वाद झाला. प्रस्ताव स्वीकारल्यानंतर, १२ जुलै २०१८ रोजी, व्हान रॉसम यांनी निर्णयाधिकार सोडला. मात्र उत्तराधिकारी नेमला नाही. त्यामुळे यापुढे निर्णय कोणी व कसे घ्यावेत, हे सहकाऱ्यांनाच ठरवावे लागले.

स्थापना

नव्या कारभारासाठी सात पर्याय मांडण्यात आले. त्यांत एकच नवा नेता निवडण्याचाही पर्याय होता. डिसेंबर २०१८ मधील मतदानात मुख्य विकासकांनी ‘पेप ८०१६’ हा सुकाणू समितीचा पर्याय स्वीकारला. २०१९ च्या आरंभी पहिली समिती निवडली गेली. तिच्यात व्हान रॉसम हेही एक सदस्य होते.

रचना व अधिकार

मतदानाचा हक्क मुख्य विकासकांना असतो. एकाच कंपनीत नोकरी करणारे दोनपेक्षा अधिक सदस्य समितीत असू शकत नाहीत. त्यामुळे प्रकल्प एखाद्या कंपनीच्या कह्यात जाण्याचा धोका कमी होतो. समितीचे अधिकार व्यापक असले, तरी ते शक्य तितके कमी वापरावेत आणि सहमतीवर भर द्यावा, अशी अपेक्षा नियमांतच नमूद आहे. मुख्य विकासक दोन तृतीयांश मतांनी एखाद्या सदस्यावर किंवा संपूर्ण समितीवर अविश्वास व्यक्त करून त्यांना पदावरून दूर करू शकतात.

महत्त्व

मुक्त स्रोत प्रकल्पातील अनेक जण स्वेच्छेने काम करतात. त्यांच्यावर सक्ती करता येत नाही. शिवाय, निर्णय अमान्य असल्यास मूळ आज्ञावली घेऊन वेगळा प्रकल्प सुरू करण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असते. म्हणून अशा समुदायातील सत्ता अखेरीस सहकाऱ्यांच्या विश्वासावरच टिकते. लेखी नियम, ठरावीक मुदत आणि पदच्युतीची तरतूद यांमुळे हा विश्वास एका व्यक्तीवर अवलंबून न राहता व्यवस्थेवर बसू शकतो.