वह्या किती वाटल्या, की मुले कुठवर पोचली?



गेल्या वर्षी वार्षिक सभेत आम्ही आमच्या मंडळाचा अहवाल विहारात वाचून दाखवला. वह्यावाटप, रक्तदान शिबिर, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार, अभ्यासिकेला नवे पंखे, जयंतीचा कार्यक्रम. टाळ्या झाल्या. मग मागे बसलेल्या एक वयोवृद्ध उपासिका उठून म्हणाल्या, "वह्या किती वाटल्या ते सांगितलंत बाळांनो. ज्या पोरांना वाटल्या, ती आता कुठं हायत?"

आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही. आमच्याकडे खरेदीच्या पावत्या होत्या, फोटो होते, मुलांची यादी मात्र नव्हती.

वंचितांच्या उत्थानासाठी काम करणाऱ्या संस्थेची वर्षभराची प्रगती मोजायची कशी, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. ९ मार्च १९२४ रोजी मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी सभा बोलावली आणि त्याच वर्षी २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सर चिमणलाल सेटलवाड अध्यक्ष, बाबासाहेब व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष, सीताराम नामदेव शिवतरकर चिटणीस. उद्दिष्टांत वसतिगृहे होती, वाचनालये होती, औद्योगिक आणि शेतकी शाळा होत्या. प्रत्यक्षात पहिले मोठे काम हाती घेतले ते एकच. ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात माध्यमिक शाळेतील अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. मुलांच्या राहण्याचा, कपड्यांचा, वह्या-पुस्तकांचा भार सभेने उचलला. वह्या तिथेही दिल्या गेल्या, पण ज्या मुलाच्या डोक्यावरच्या छपराची सोय आधी झाली होती त्याला.

वसतिगृहच का? याचे उत्तर बाबासाहेबांच्या १२ मार्च १९२७ च्या मुंबई कायदेमंडळातील भाषणात सापडते. शिक्षणावरच्या अनुदानाची चर्चा चालू होती. शिक्षण खात्याच्याच अहवालातले आकडे त्यांनी सरकारसमोर ठेवले. प्राथमिक शाळेत प्रगत हिंदूंची दर हजारी ११९ मुले, मागास वर्गाची १८. माध्यमिक शाळेत दर लाखी प्रगत हिंदूंची ३०००, मागास वर्गाची १४. महाविद्यालयात दर दोन लाखांमागे प्रगत हिंदूंचे १०००, मागास वर्गाचा एकही नाही, असलाच तर एखादा. मागास वर्ग म्हणजे त्या वर्गवारीत अस्पृश्य, डोंगरी जमाती आणि तेव्हा गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या जमाती.

हे आकडे पुन्हा एकदा सावकाश वाचा. पहिल्या पायरीवर तफावत साधारण साडेसहा पटींची आहे, दुसऱ्या पायरीवर ती दोनशे पटींच्या वर जाते. म्हणजे मुले शाळेच्या दारापर्यंत थोडीफार येत होती आणि मधेच गळत होती. नुसती "आपली इतकी मुले शिकतात" अशी बेरीज मांडली असती तर ही गळती दिसलीच नसती. लोकसंख्येच्या प्रमाणात आणि पायरीपायरीने मोजले म्हणून ती दिसली. पुढे मे १९२८ मध्ये सायमन कमिशनला शिक्षणाबाबतचे निवेदन गेले, तेही बहिष्कृत हितकारिणी सभेच्याच वतीने. सेवाकार्य आणि हक्काची मागणी एकाच संस्थेच्या दप्तरातून निघत होती. आज आपण ही दोन कामे दोन वेगळ्या गटांना वाटून टाकली आहेत, हे आम्हाला खटकते.

कायद्याचेही सांगायला हवे. नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला ३१ मार्चला हिशेब बंद करून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. ते चोख ठेवाच, दानाचा पैसा आहे. पण लेखापरीक्षक पैसा कुठे गेला ते तपासतो, त्या पैशाने कुणाचे काय झाले ते तपासणे त्याचे काम नाही.

म्हणून सभेनंतर आम्ही वही घेऊन घरोघर गेलो. एका मुलीने अकरावीत प्रवेश घेतला होता, पण खोलीभाडे परवडेना म्हणून दिवाळीतच परत आली. एकाची शिष्यवृत्ती बँक खात्याला आधार जोडलेले नसल्यामुळे अडकली होती. त्याला ते कुणी सांगितलेच नव्हते. आमचे वह्यावाटप या दोघांच्या कामाचे नव्हते.

खोलीभाड्याने परत आलेल्या त्या मुलीसारख्यांसाठी योजना आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवण्याचा खर्च थेट खात्यात मिळतो. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांसाठी ही रक्कम वर्षाला ६०,००० रुपये ठरवली गेली, लहान ठिकाणी कमी. २०१६-१७ पासून ही योजना आहे आणि आमच्या वस्तीत तिची माहिती असलेली घरे मोजकीच निघाली. एक अर्ज वेळेत भरून देणे हे शंभर वह्यांपेक्षा मोठे काम ठरू शकते. त्याचा फोटो मात्र चांगला येत नाही.

यंदाच्या वहीत आम्ही प्रत्येक मुलामुलीसमोर चार गोष्टी लिहितो: आता कोणत्या वर्गात, उत्पन्न आणि जातीचे दाखले व पडताळणी कुठवर, अर्ज भरला का, पैसे प्रत्यक्ष आले का. पाचवा रकाना "शिक्षण सुटले, कारण" असा आहे. त्यावरून मंडळात वाद झाला. काही ज्येष्ठांचे म्हणणे, दानदात्यांसमोर अपयश कशाला मांडायचे? रास्त शंका आहे, दान आटले तर अभ्यासिका बंद पडेल. तरी आम्ही रकाना ठेवला. मुलांची नावे सभेत वाचायची नाहीत, फक्त संख्या आणि कारणे वाचायची, एवढे ठरले. गरिबीची जाहीर वाच्यता झालेली कुणालाच आवडत नाही.

वर्षावास संपला की आश्विन पौर्णिमेला पहिली सहामाही नोंद विहारात वाचली जाईल. त्या उपासिकांना पुढच्या रांगेत बसायला सांगितले आहे.