वैमानिकाची परदेशची शिदोरी

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबई गाठली. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बल्लारीमार्गे मद्रासला पोचविले. म्हणजे भारतीय कंपनीच्या पहिल्या हवाई टपालाचा दक्षिणेकडील टप्पा रॉयल एअर फोर्समधून आलेल्या एका परदेशी वैमानिकाने पुरा केला. आज हा ओघ उलटला आहे. चेन्नईहून सिंगापूर काय आणि दुबई काय, दोन्ही सुमारे चार तासांच्या उड्डाणावर आहेत. आणि तेथील विमानसेवांच्या गणवेशातील भारतीय वैमानिक मीनंबाक्कमच्या विमानतळावर आता कोणाला नवलाचा वाटत नाही.

हे वैमानिक दोन कारणांनी देश सोडतात. कोणी अधिक वेतनासाठी, मोठ्या विमानासाठी, दूरच्या मार्गांसाठी जातो. ही झाली निवड. कोणावर मात्र ती पाळी येते. चेन्नईत मुख्यालय असलेली पॅरामाउंट एअरवेज २००५ साली सुरू झाली आणि २०१० साली बंद पडली. किंगफिशरची उड्डाणे २०१२ साली थांबली, जेट एअरवेजची एप्रिल २०१९ मध्ये. हौसेने जाणारा असो की गरजेने, पूर्वतयारी दोघांनाही सारखीच करावी लागते. फरक एवढाच, की गरजेने जाणाऱ्यापाशी तयारीला वेळ नसतो. म्हणून शहाणा वैमानिक ही तयारी नोकरी सुरळीत चालू असतानाच करून ठेवतो.

सर्वांत आधी परवान्याचे तत्त्व समजून घेतले पाहिजे. १९४४ च्या शिकागो करारानुसार, आंतरराष्ट्रीय उड्डाण करणारे विमान ज्या देशात नोंदलेले असेल, त्या देशाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना वैमानिकापाशी असावा लागतो. चेन्नईहून मुंबईला एअरबस ए-३२० नेणारा वैमानिक परदेशात त्याच बनावटीचे विमान चालवू लागला, तरी यंत्र जुने आणि कायदा नवा, अशी त्याची स्थिती होते. तेथे मार्ग दोन असतात. एक, तो देश भारतीय परवान्यास ठराविक मुदतीपुरती मान्यता देतो. दुसरा, वैमानिकाला त्या देशाचा स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. दुसरा मार्ग लांबचा आहे. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे विमानसेवेच्या वैमानिकाला १३ विषयांच्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात. नेमणुकीची बोलणी करताना यांतील कोणता मार्ग लागू आहे, त्याचा खर्च कोण सोसणार आणि त्या काळात वेतन मिळणार की नाही, हे तीन प्रश्न प्रथम विचारावेत.

दुसरी गोष्ट उड्डाणवहीची. वैमानिकाची खरी कमाई बँकेत नसते, ती या वहीत असते. मुख्य वैमानिक म्हणून किती तास, सहवैमानिक म्हणून किती, रात्रीचे किती, केवळ उपकरणांच्या आधाराने किती, हे सारे वेगवेगळे मांडलेले हवे आणि कंपनीच्या नोंदींशी तंतोतंत जुळलेले हवे. परदेशी विमानसेवा हे तास जुन्या मालकाकडून पडताळून घेते. परवाना खरा आहे याची खातरजमा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून करून घेते. कंपनी बंद पडली, की तिचे दप्तर विखुरते आणि सही करणारा अधिकारी सापडत नाही. म्हणून तासांचा दाखला नोकरी सोडताना मागण्यापेक्षा दर वर्षी घेत जावा. इंग्रजीचेही तसेच. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी सहा पायऱ्यांपैकी निदान चौथी पायरी परवान्यावर नोंदलेली लागते आणि तिची तपासणी ठराविक काळाने पुन्हा करावी लागते. ती नोंद कालबाह्य नाही ना, हे आधीच पाहिलेले बरे.

वैद्यकीय तपासणी हा बहुतेकांच्या मनातील धाकाचा विषय. भारतात प्रथम वर्गाच्या प्रमाणपत्रासाठी बंगळूरूची हवाई वैद्यक संस्था सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु परदेशी अधिकारी आपली तपासणी नव्याने करतात, आणि येथे चाललेली एखादी बाब तेथे चालेलच असे नाही. तेव्हा त्या तपासणीचा निकाल हाती पडेपर्यंत राजीनामा लिहू नये, हा साधा नियम अनेक घरे वाचवू शकतो.

निवडीच्या वेळी मुलाखतीइतकेच महत्त्व उड्डाणाच्या सिम्युलेटरला असते. धावपट्टीवरून सुटताना एक इंजिन बंद पडणे, आडव्या वाऱ्यात उतरणे, स्वयंचलित साधने बंद ठेवून केवळ मूळ उपकरणांवर विमान नेणे, अशा गोष्टी तेथे पाहिल्या जातात. रोजच्या उड्डाणात स्वयंचालकावर विसंबण्याची सवय झालेल्या हाताला हे जड जाते. पदरचे पैसे भरून चार तासांचा सराव करणे येथे उधळपट्टी ठरत नाही. परीक्षक कौशल्य पाहतो, तसेच शेजारी बसलेल्या अनोळखी सहकाऱ्याशी उमेदवार कसे बोलतो, हेही पाहतो.

आता नोकरी सोडण्याचा प्रश्न. महासंचालनालयाने २०१७ साली काढलेल्या नियमानुसार मुख्य वैमानिकाला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची सूचना द्यावी लागते. परदेशी विमानसेवा मात्र तीन-चार महिन्यांत हजर व्हा म्हणते. या दोन तारखांच्या कात्रीत सापडलेला वैमानिक कंपनीचे ना-हरकत पत्र न घेताच निघून गेला, तर त्याचे तास, दाखले आणि परवान्याची पडताळणी सारेच अडू शकते. शिवाय प्रशिक्षणाच्या खर्चापोटी लिहून दिलेला बाँड असेल, तर त्याची किती रक्कम उरली आहे हे लेखी विचारून घ्यावे.

मग येते कागदपत्रांची पायपीट. पदवी, जन्म आणि विवाहाचे दाखले प्रथम राज्य सरकारकडून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करून घ्यावे लागतात. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. त्या करारातील देशांना मंत्रालयाचा शिक्का पुरतो. संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांसाठी मात्र त्यांच्या वकिलातीपर्यंत जावे लागते. पोलिसांचा दाखला चेन्नईच्या प्रादेशिक पारपत्र कार्यालयातून मिळतो. येथे एक अडचण दक्षिणेत विशेष जाणवते, ती नावाची. तमिळ माणसाच्या नावापुढे आडनाव नसते, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते. पारपत्रात तेच अक्षर उलगडून लिहिले जाते. मराठी माणसाचे नाव तीन पदरी, आणि विवाहानंतर स्त्रीचे बहुधा बदललेले. पारपत्र, परवाना आणि पदवी या तिन्हींवर नाव एकसारखे नसेल, तर परदेशी कारकुनाच्या लेखी त्या तीन वेगळ्या व्यक्ती होतात. ही दुरुस्ती महिनोन्‌महिने चालते. म्हणून तिला आरंभीच हात घालावा.

दहावी उत्तीर्ण व्यक्तीला परदेशगमनासाठी प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्सच्या मंजुरीची गरज नसते. तथापि मध्यस्थामार्फत जायचे असेल, तर तो १९८३ च्या कायद्याखाली नोंदलेला आहे की नाही, हे पाहणे वैमानिकालाही चुकलेले नाही.

कराराचे वाचन शांतपणे करावे. मूळ वेतन किती आणि उड्डाणभत्ता किती, हे निराळे काढावे. कारण उड्डाणे कमी झाली की भत्ता आटतो, घरभाडे आटत नाही. अमिरातीच्या कायद्यात अखेरच्या उपदानाची मोजणी मूळ वेतनावरच होते: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचे वेतन, पुढे ३० दिवसांचे. मुलांची शाळा, कुटुंबाचे औषधपाणी आणि प्रकृतीमुळे परवाना गेल्यास मिळणारी भरपाई ही कलमे बारकाईने पाहावीत. भारतातील बचत खाते अनिवासी खात्यात बदलावे लागते. आयकराच्या दृष्टीने वर्षातील १८२ दिवसांची मर्यादा महत्त्वाची. तेव्हा जाण्याची तारीख ठरवताना एकदा कर-सल्लागाराला विचारावे.

शेवटची तयारी परतीची. २०२० साली साथीने विमाने जमिनीवर आणली, तेव्हा आखाती देशांत आणि हाँगकाँगमध्ये शेकडो वैमानिकांच्या नोकऱ्या गेल्या. परदेशातील वास्तव्य नोकरीला बांधलेले असते. नोकरी सुटली, की थोड्याच दिवसांत घर आवरावे लागते. अशा वेळी मायदेशीचा परवाना हाच आधार. २०२३ पासून भारतीय व्यावसायिक परवान्याची मुदत १० वर्षांची झाली आहे. पण केवळ मुदत शिल्लक असून भागत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि उपकरण-उड्डाणाची चाचणी मागे पडली, तर परवाना असूनही विमान हाती मिळत नाही. म्हणून दर वर्षीच्या रजेतील काही दिवस या कामासाठी राखून ठेवावेत आणि त्याचा खर्च पहिल्या पगारापासूनच बाजूला काढावा. प्रत्येक उड्डाणाला निघताना वैमानिक पर्यायी विमानतळापर्यंत पुरेल एवढे इंधन मोजून घेतो. नोकरीच्या बाबतीत त्याने तोच हिशेब चेन्नई सोडण्यापूर्वी करून ठेवावा.